आबांचं उत्तरायण

चाकणला आमच्या शेजारी एक फिटर राहायचा. बोलणं मोजकंच, पण तोंडावर. आजाऱ्याला तो कधी खोटा धीर द्यायचा नाही.

त्याचे वडील, आबा, अंथरुणाला खिळले होते. डॉक्टरांनी आशा सोडली होती. उत्तरायणात मरण आलं तर सद्गती मिळते, एवढीच आबांना आस. खिडकीतून ते रोज पाहायचे, सूर्य कंपनीच्या शेडमागून कुठे उगवतो ते. जूनमध्ये तो पार उत्तरेच्या टोकाला पोचला. सर्वांत मोठा दिवस सरला की तो दक्षिणेकडे परतणार, हे त्यांना ठाऊक होतं.

त्या दिवशी फिटरनं खाट आतल्या खोलीत हलवली. "खिडकीतनं वारं लागतंय," म्हणाला.

आबा रोज सकाळी विचारायचे, "सूर्य फिरला का रं?"

"न्हाई अजून, आबा."

भिंतीपलीकडून मला ते ऐकू यायचं. त्याचा आवाज दिवसेंदिवस बारीक होत गेला.

आबा गेले तेव्हा जुलै संपत आला होता. चेहरा शांत होता. मी फिटरला म्हटलं, "समाधानानं गेले."

"व्हय," तो खाली बघत म्हणाला. "माझ्यावर विश्वास ठेवून गेले."