घोट्याइतक्या लाटा

अठ्ठावीस वर्षं मी शेवगावात भूगोल शिकवतोय. खारे वारे, मतलई वारे, भरती, ओहोटी, सगळं निळ्या खडूनं फळ्यावर काढून. समोरच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नसतो आणि मीही तो दोनदाच पाहिला होता, दोन्ही वेळा शाळेच्या सहलीबरोबर. सहलीत मास्तर पोरं मोजतो, समुद्राकडे त्याची पाठच असते. तरी समुद्राबद्दल कोणी काही विचारलं की मी तासभर थांबायचो नाही.

त्यामुळे, कोकणातल्या एका सर्फिंग शिकवणाऱ्या शाळेत आपण कायमचं राहणार, असं मुलीनं फोनवर सांगितलं तेव्हा घरातला तज्ज्ञ मीच ठरलो. शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन ती पुण्यात पोहायला शिकवत होती. गेल्या उन्हाळ्यात दोन महिने हे लाटांवर उभं राहण्याचं शिकून येते म्हणाली आणि तिथंच रमली. इकडे मी आमच्या जवळच्या एका शाळेत तिच्यासाठी नोकरीचं बोलून ठेवलं होतं. त्यांना पुढच्या सोमवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तिच्या आईनं दोन दिवस घेतले आणि तिसऱ्या दिवशी निकाल दिला.

"तुमी जा. डोळ्यानं बघून या. धोक्याचं नसंल तर राहू द्या, असंल तर संगं घेऊनच या."

माझ्या डोळ्यांवर तिनं हे सोपवलं याचं मला नवल वाटलं. पाण्याच्या बाबतीत माझा शब्द आमच्या घरात चालत नाही. का चालत नाही, ते पुढे येईलच.

मंगळवारी सकाळी पोचलो. फेब्रुवारी संपत आला होता. शाळा म्हणजे माडाच्या झापांची एक शेड, तिच्यात लाटांवर उभं राहायच्या रंगीत फळ्या आडव्या रचलेल्या, आणि बाहेर खांबाला टांगलेला एक काळा फळा. त्यावर रोज सकाळी मुलगी त्या दिवशीची समुद्राची हालहवाल लिहायची. त्या दिवशीचा मजकूर होता: "लाटा: घोट्याइतक्या. वारा: मतलई, अकरापर्यंत. ओहोटी: साडेदहा." आधी माझं लक्ष अक्षराकडे गेलं. ते पूर्वीइतकंच वाईट होतं. मग 'मतलई' वाचलं आणि बरं वाटलं. इतर कोणी तिथं जमिनीकडचा वारा असं म्हणत असेल. हा शब्द माझ्या फळ्यावरून तिच्या फळ्यावर आला होता.

समोरचा समुद्र पाहून माझी निराशाच झाली. मी मनाची तयारी करून आलो होतो आणि इथे पाणी नुसतं अंथरल्यासारखं पडून होतं. मधूनच एक वळी उठायची, किनाऱ्याजवळ येऊन जराशी वाकायची आणि संपायची. मुलीनं सांगितलं, लाटा दोन-तीन मिळून येतात आणि मग बराच वेळ काही येत नाही. तेवढा वेळ सगळे फळीवर बसून लांब बघत राहतात. मी मोजलं. एकदा दहा मिनिटं काहीच आलं नाही. बंगळुरूहून आलेला एक तरबेज गडी तर पाण्यात उतरलाच नाही. तो दिवसभर शेडमध्ये मोबाईलवर अंदाज बघत बसायचा आणि दर तासाला तोंड वाकडं करायचा. नवशिके मात्र खूश होते. मुलगी कमरेइतक्या पाण्यात उभी राहून लाट आली की फळी पुढे ढकलायची, वरचा माणूस कसाबसा उभा राहायचा आणि चार हात पुढे जाऊन पडायचा. पडला की हसत उठायचा.

प्रत्येकाच्या घोट्याला एक दोरी असते, ती मला पहिल्या दिवशीच खटकली. तिचं दुसरं टोक फळीला बांधलेलं असतं. आमच्याकडे विहिरीत पोहायला शिकवतात तेव्हा कमरेला दोर बांधतात आणि त्याचं टोक वर काठावर कोणाच्या तरी हातात असतं. इथे धरणारा कोणीच नव्हता. पण एवढ्याशा पाण्यात धरायचं तरी काय?

दुपारी घरी फोन लावला. म्हटलं, आपल्या मोटरीचं पाणी हौदात पडतं, त्याला याहून जास्त जोर असतो. तिच्या आईनं दोनदा विचारलं, खरं ना. मी म्हटलं, समोर बघूनच सांगतोय.

बुधवारी फळ्यावर तेच. मी तिथल्या शिकाऊ मंडळींना खुर्चीवरून समजावून सांगितलं की हे अष्टमीच्या आसपासचं भांगाचं पाणी आहे, चंद्र-सूर्याचा जोर एका रेषेत नाही, पौर्णिमा आली की बघा कशा लाटा उठतात. मंडळी माना डोलवत होती. मुलगी फळी पुसत होती. ती हळूच म्हणाली की पौर्णिमेला पाणी चढेल, लाटा उठतीलच असं नाही. लाटा दूर कुठेतरी वादळ झालं की तिथून निघतात आणि आठ-आठ दिवस चालत इथं येतात. इथला वारा पडलेला असला तरी येतात. सध्या तिकडे शांत आहे, म्हणून इकडे शांत आहे.

भरती आणि लाट यांची मी अठ्ठावीस वर्षं खिचडी करत आलो होतो. पुस्तकात दोन्हींचे धडे वेगळे आहेत. मीच ते एका दमात उरकायचो. मंडळींसमोर मी म्हटलं, तेच तर सांगत होतो. कोणाला पटलं नाही.

गुरुवारीही लाटा घोट्याइतक्याच. माझी परतीची गाडी शुक्रवारची होती. दुपारी मुलगी गोड्या पाण्यानं फळ्या धूत होती, तेव्हा मी तिला सांगून टाकलं की मी बघितलं, माझं समाधान झालं, तू राहा. तिच्या आईला आज संध्याकाळी तसं कळवतो. मला वाटलं ती नाचेल. तिनं नळ बंद केला आणि माझ्यासमोर येऊन उभी राहिली. आमची मुलगी पुण्यात गेल्यापासून पुण्यासारखं बोलते. गंभीर झाली की मात्र आमच्या गावची, सोनईची होते.

"अप्पा, ह्या लाटा बघून व्हय म्हनू नका. ह्यो समुद्र सुट्टीवर हाय."

मग तिनं सगळं सांगितलं. मे महिन्यात इथे पुरुषभर लाटा येतात, कधी त्याहून मोठ्या. तेव्हा शिकाऊ लोक पाण्यात नसतात, पण ती असते. पाणी माणसाला खाली दाबून धरतं, फळी डोक्यात बसते, किनाऱ्याकडे यायचं म्हटलं तरी येता येत नाही. तिला एकदा चार टाके पडले होते, ते तिनं केस बाजूला करून दाखवले. मोबाईलवर तिनं मोठ्या लाटांचा व्हिडिओही लावला. पण तळहाताएवढ्या काचेत लाट तळहाताएवढीच दिसते. मला काही कळेना. ती म्हणाली, रविवारी मोठ्या लाटांचा अंदाज आहे, तोवर थांबा, बघा आणि मग काय ते आईला सांगा.

मला राग आला. चांगला हो म्हणतोय तर हिला नाही ऐकायचंय. म्हटलं, आता तुझ्या आईला मी काय सांगू, मंगळवारपासून जे सांगितलं ते खोटं होतं असं?

"विहिरीचं सांगितलं हुतं तसं नगं," ती म्हणाली.

विहिरीचं असं झालं होतं. मुलगी नऊ वर्षांची असताना उन्हाळ्याच्या सुट्टीत मी तिला सोनईजवळच्या आमच्या विहिरीत पोहायला शिकवलं. तिची आई काही केल्या तयार होईना. शेवटी मी सांगितलं की उन्हाळा आहे, विहीर तळाला गेलीय, कमरेइतकं पाणी आहे. पाणी दोन पुरुष होतं. मुलीलाही मी दम दिला होता की आईला बोलायचं नाही. आठवडाभर छान चाललं. मग मोटर जळाली, ती वर काढताना पाइपही ओढून काठावर टाकला. नेमकी तेव्हा तिची आई जेवण घेऊन आली. पाइप पाण्यात जेवढा बुडालेला असतो तेवढ्यालाच शेवाळ धरतं. ते कुठपासून कुठपर्यंत आहे, ते तिनं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जाऊन बघितलं. जेवणाचं गाठोडं तिथंच ठेवलं आणि घरी गेली. पुढचे आठ दिवस ती माझ्याशी मुलीमार्फत बोलली.

मुलगी तेव्हा पोहायला शिकली, हे खरं. पण तिला खोटं बोलायला लावलं, ते माझ्या मनात खुपत राहिलं. ते मी कोणाजवळ बोललो नव्हतो.

मी मुख्याध्यापकांना फोन करून रजा वाढवून घेतली.

शुक्रवारी तेच. शनिवारी तेच. शनिवारी कंटाळून मीच पाण्यात उतरलो. घोट्याला दोरी बांधून घेतली, गुडघाभर पाण्यात गेलो, जमेना म्हणून मागे फिरलो. विहिरीतून बाहेर येताना माणूस पायरीकडे तोंड करतो आणि पाण्याकडे पाठ. पाणी मागून येत नाही. इथे आलं. घोट्याइतकी म्हणून जी लाट चार दिवस मी हिणवत होतो, तिनं माझी फळी मागून पिंढऱ्यांवर आणली आणि मी सबंध तोंडावर पडलो. नाकातोंडात वाळू. मुलगी धावत आली, मला उठवलं आणि कुठे लागलंय ते बघितलं. हसली नाही. समुद्राकडे कधी पाठ करायची नाही, एवढंच म्हणाली. पिंढऱ्या सोमवारपर्यंत ठणकत होत्या. पुरुषभर म्हणजे याच्या किती पट, हा हिशेब मला तेव्हा पहिल्यांदा नीट करता आला, आणि करून मी तो लगेच बाजूला सारला.

रविवारी मी तिच्याही आधी किनाऱ्यावर गेलो. पाणी अंथरलेलं होतं. ती आली, बराच वेळ लांब बघत उभी राहिली, मोबाईल काढून बघितला, आत ठेवला. अंदाजातल्या मोठ्या लाटा दूर दक्षिणेकडेच विरल्या होत्या. तिनं फडक्यानं फळा स्वच्छ पुसला आणि पुन्हा लिहिलं: "लाटा: घोट्याइतक्या." तिचा चेहरा पार उतरला होता. मला थांबवून घेतलं आणि दाखवायला काही उरलं नाही, म्हणून. शाळेला कळवायचा सोमवार दुसऱ्या दिवशी होता.

मला फार सोपं होतं. मंगळवारी सांगितलं तेच आणखी एकदा सांगायचं होतं, आणि ते खोटंही नव्हतं. सहा दिवस मी समुद्र बघत होतो आणि सहा दिवस तो घोट्याच्या वर आला नव्हता. मी शेडच्या मागे जाऊन फोन लावला. लावेपर्यंत माझं ठरलेलं नव्हतं.

पलीकडून तिची आई म्हणाली, बोला. आणि मी बोललो. म्हटलं, मी अजून मोठ्या लाटा बघितलेल्याच नाहीत. बघितल्या त्या लहान. मोठ्या पुरुषभर येतात, त्याहूनही मोठ्या येतात, त्यात ती उतरते. तिच्या डोक्याला चार टाके पडले होते. गुरुवारी मी हो म्हणायला निघालो होतो, तर तीच म्हणाली हे बघून हो म्हणू नका, मोठ्या बघा. त्यासाठी थांबलो, पण त्या आल्या नाहीत. धोका आहे की नाही, मला सांगता येत नाही. माझ्या डोळ्यांचा काही उपयोग झाला नाही.

तिनं एकच विचारलं.

"टाक्याचं तिनं सवताहून सांगितलं?"

मी म्हटलं, हो. केस बाजूला करून दाखवले.

"मग राहू द्या तिला तिथं. तुमच्या बघन्यापरीस तिच्या सांगन्यावर माझा भरवसा हाय." आणि वर म्हणाली, "आज तुमीबी खरं बोललासा."

मी मुलीकडे गेलो आणि आई हो म्हणाली एवढंच सांगितलं. तिनं दोनदा विचारलं, आई म्हणाली? आई? मग ती फळीवर बसली आणि रडली. मीही तिच्याशेजारी बसलो. थोड्या वेळानं तिचे शिकाऊ आले, तशी ती तोंड धुऊन पाण्यात गेली.

आता फळ्याचा फोटो रोज सकाळी येतो. तो तिच्या आईच्या मोबाईलवर येतो, माझ्या नाही. ती चुलीपुढून उठून चष्मा लावते आणि मला मोठ्यानं वाचून दाखवते: घोट्याइतक्या, गुडघाभर, कमरेइतक्या. मे महिन्यात एक दिवस 'पुरुषभर' आलं. माझ्या हातात मोबाईल असता तर मी तिला कमरेइतक्या म्हणून सांगितलं असतं. तिनं माझ्याकडे बघितलं आणि पुरुषभरच वाचलं.