साडूंचा आळस

आळस करता यावा म्हणून माझ्या थोरल्या साडूंइतके कष्ट घेणारा माणूस अख्ख्या बेळगाव जिल्ह्यात सापडायचा नाही. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आक्कांचे, हे यजमान एका कॉलेजात कॉम्प्युटर सांभाळायचे. पाच मिनिटांचं काम हातानं करणं त्यांना कमीपणाचं वाटे. पण तेच आपोआप व्हावं म्हणून ते दोन-दोन दिवस तहानभूक विसरून बसत. टाकी भरली की मोटर आपोआप बंद व्हावी म्हणून त्यांनी तारांची अशी काही जुळणी केली की मोटर कायमचीच बंद पडली आणि आक्का आठवडाभर कोपऱ्यावरच्या नळावरून पाणी आणत राहिल्या. "पावणं, तत्त्व बरोबर हाय," एवढंच ते मला म्हणाले.

मी शहापुरातल्या एका शाळेत कारकून. प्रगतिपुस्तकं छापायला आमच्याकडे एक जुनाट प्रोग्राम आहे. तो काळ्या पडद्यावर एकेक प्रश्न विचारतो. इयत्ता? तुकडी? छापू का? आपण उत्तर टाइप करून एंटर दाबायचं, की पुढचा प्रश्न. दुसरी तुकडी आली की पुन्हा पहिल्यापासून. हे काम मी अशा ऐटीत करायचो, जणू माझ्यावाचून शाळेचा निकालच लागला नसता. एकदा साडू मला न्यायला आले आणि माझ्या पाठीमागं उभं राहून बघत राहिले. मग म्हणाले, "ते तेच तेच इचारतंय, तुमी तेच तेच सांगताय. मग मधी तुमी कशाला?" माझ्या नोकरीचं इतकं नेमकं वर्णन कुणी केलं नव्हतं.

लगेच त्यांनी स्क्रिप्ट लिहायला घेतली. प्रोग्रामनं प्रश्न विचारायची ती वाट बघणार आणि माणसानं टाइप करावं तसं उत्तर देणार. "ह्या तिनाबिगर दुसरं काय इचारलं तर?" साडूंनी विचारलं.

"काहीही विचारू दे, हो म्हणायचं," मी म्हणालो. "मी तेच करतो."

त्यांनी तसंच लिहिलं.

निकालाच्या दिवशी व्हरांड्यात पालक, खुर्चीमागं मुख्याध्यापिका. मी एक बटण दाबलं आणि हाताची घडी घालून बसलो. पडद्यावर सवालजवाब धावू लागले, प्रिंटरमधून कागद येऊ लागले. सातवीपर्यंत आलो आणि कागदावर नुसती नावं यायला लागली, गुणांच्या जागी कोरं. डिस्कवर जागा कमी पडली की हा प्रोग्राम 'साठवलेले गुण पुसू का?' असंही विचारतो, हे मला त्या दिवशी कळलं. माझ्या वळणावर गेलेल्या स्क्रिप्टनं नम्रपणे 'हो' म्हटलं होतं.

फोन करताच साडू स्कूटरवरून आले. "काय इचारतंय ते वाचत न्हाय व्हय तुमी?" बाईंच्या देखत म्हणाले. मग माझा चेहरा बघून आवाज उतरवला. "गुणांची नक्कल कालच काढून ठेवलीया मी. त्या दिशी तुमचं काम बघितलं, तवाच ठरीवलं हुतं." दुपारच्या आत निकाल लागला. पुसण्याचं विचारलं तर थांबून माणसाला हाक मारायची, अशी ओळ त्यांनी स्क्रिप्टमध्ये घातली. "तेवढ्याला तुमी पायजे," ते म्हणाले. घरी मी हे बढती मिळाल्यासारखं सांगितलं.

पुढं साडूंनी नोकरी सोडली आणि ते गुंजीला वडिलांजवळ राहायला गेले. आप्पांना आता काही लक्षात राहत नाही. परवा भेटायला गेलो तर आप्पा पुढच्या सोप्यात, दारासमोर बसले होते. "कवा आलास रं?" त्यांनी लेकाला विचारलं. "आत्ताच की, आप्पा," साडू म्हणाले. म्हातारा खूश झाला. चहाचे दोन घोट झाले आणि पुन्हा तेच. मी हळूच साडूंना म्हणालो, "अण्णा, आवाज रेकॉर्ड करून ठेवा की. आप्पांनी विचारलं की आपोआप वाजंल."

"केलतं," ते म्हणाले. "लई झकास वाजत हुतं. पर आप्पा त्या डब्याकडं बघायचेच न्हाईत. दाराकडं बघत बसायचे."

तेवढ्यात आप्पांनी पुन्हा विचारलं. साडूंनी कप खाली ठेवला, उठून त्यांच्या समोर जाऊन बसले आणि म्हणाले, "आत्ताच की, आप्पा."