धावड्याच्या फांदीतलं सोनपाखरू

बोरगाव मेघेचा कवडू मिस्त्री म्हणजे लाकूड पोखरणाऱ्या किड्यांचा जन्माचा वैरी. फळीला एक भोक दिसलं की गडी चवताळायचा. त्याच्या हातची खाट किडली, असं चाळीस वर्षांत कोणी म्हणालं नाही. आणि नशीब पाहा, एकुलती एक पोर मयुरी कॉलेजात त्याच किड्यांच्या मागे लागली.

एकदा तिनं गिरडच्या टेकडीवरून धावड्याची मोडकी फांदी आणली. त्या झाडावर तिला नखाएवढं सोनपाखरू दिसलं होतं, निळं-हिरवं, मागून तांबूस. बघता बघता ते उडालं. तसलं पाखरू तिच्या सरांच्या एकाही पुस्तकात नव्हतं. फांदीत अळ्या होत्या, पण अळीवरून ओळख पटेना.

"किडे काऊन पोसून राह्यली माय?" कवडू चिडवायचा.

"पाखरू निघू द्या बाबा, मंग त्याले नाव भेटते. पयले मीच पाह्यलं ना त्याले."

श्रावणात तिला कावीळ झाली आणि नऊ दिवसांत पोर गेली. बायको आधीच गेलेली. कवडूनं रंधा खाली ठेवला तो ठेवलाच. तिचे नागसेन सर भेटायला आले. म्हणाले, "काका, ती फांदी सांभाळा. पाखरू निघालं तर शोध मयुरीच्या नावावर लागेल."

तेवढ्या शब्दावर माणूस उठून बसला. फांदीसाठी जाळीची पेटी केली. रोज चहाच्या आधी पेटीपाशी. मग एक दिवस भिंतीवर उधईची, म्हणजे वाळवीची, माती चढलेली दिसली. पोरीची एवढीच ठेव, तीही उधई खाणार? लाकडाला लावायच्या कीडनाशक औषधाचा डबा घरात होताच. जन्मभर केलं तेच केलं त्यानं. ब्रशनं फांदीला दोन हात मारले, टोकांना जरा जास्तच.

उन्हाळा सरला तरी पाखरू निघेना. सरांनी फांदी चिरायला सांगितली. करवत कवडूनंच चालवली. आत वाळलेल्या अळ्या, आणि एक अर्धी अळी, अर्धं पाखरू. पंख फुटले होते, रंग चढायचा राहिला होता.

"वळखू येते का, सर?"

"नाही हो. काही औषध लावलं होतं का?"

कवडूनं होकाराची मान हलवली. "उधईले भेलो, सर. तिले वाचवता नाई आलं. म्हटलं, हे तरी वाचवतो. तं मीच मारलं."

सरांनी चिरलेली फांदी बाजूला ठेवली. म्हणाले, "त्याच झाडाची दुसरी फांदी आणू, काका."

"कोनतं झाड, सर?"

टेकडीवर धावडे शेकड्यानं. त्यातला तो कोणता, हे एकट्या मयुरीला ठाऊक होतं.