अकरा दिवसांचा सूर्य

सिहोऱ्यात ‘इश्वर बांते कुठं राहतात’ असं विचाराल तर लोक एकमेकांच्या तोंडाकडे पाहतील. ‘सूर्यवाला’ म्हणा, पानठेलेवाला हातातलं पान तसंच ठेवून रस्ता दाखवायला बाहेर येईल.

इश्वर शाळेत प्रयोगशाळा परिचर होता. परीक्षानळ्या धुवायच्या, ॲसिडच्या बाटल्यांवर चिठ्ठ्या डकवायच्या, बेडूक पकडून आणायचे, ही नोकरी. तिथल्या विज्ञानाच्या एका मास्तरांची बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी आपली लहानशी दुर्बीण याच्या हातात दिली. म्हणाले, “हिला डोळा लावून सूर्य कधी पाहू नकोस, आंधळा होशील. कागदावर पाड. त्याच्यावरचे काळे डाग जिथे दिसतील तिथे पेन्सिलीनं काढ. रोज. एक दिवस चुकवलास तर सगळं पाण्यात.”

मास्तर गेले आणि यानं ते शब्द असे धरले की विचारू नका. आंगणात रोवलेल्या लाकडी बल्लीवर दुर्बीण, तिच्यासमोर जुन्या फोटोफ्रेमची मोठी काच, काचेवर क्लिपांनी लावलेला बटर पेपर, वरून आणि बाजूंनी काळ्या कापडाचा आडोसा. रोज सकाळी नऊला थाळीएवढा सूर्य कागदावर उतरायचा आणि हा सूर्याकडे पाठ करून तीळ मोजावेत तसे डाग मोजायचा. ढग असले तर ‘ढग’ असं लिहायचा. भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला, गावभर त्याचीच चर्चा, आणि याच्या त्या दिवसाच्या कागदावर काय? ‘डाग सात.’ बस.

त्याची बायको देवकाबाई. चार बुकं शिकलेली, तीही विसरलेली. नवऱ्याचं हे वेड तिनं सवतीसारखं नाही, सासूसारखं मानलं. बोलायचं नाही आणि दुखवायचंही नाही. आंगण झाडताना ती बल्लीपाशी आली की झाडू हळू चालवायची.

दोन हजार एकच्या जानेवारीत इश्वरच्या पोटात कळ उठली. अपेंडिक्स फुटलं होतं. भंडाऱ्याला दवाखान्यात न्यायला जीप आली, त्यात देवकाबाई चढायला लागली, तर हा पडल्या पडल्या काय म्हणतो?

“तू नको येऊ. तुझा भाऊ राहील माझ्याजवळ. तू नोंद सांभाळ. रोज नऊ वाजता. तुटू देऊ नको वो.”

आता सांगा! मरायला टेकलेला माणूस आणि बायकोला म्हणतो सूर्य सांभाळ. दुसरी असती तर म्हणाली असती, आग लागो तुमच्या सूर्याला. ही उतरली. जीप गेली आणि तिनं पदरानं डोळे पुसले.

अकरा दिवस तो दवाखान्यात होता. अकरा दिवस तिनं सूर्य काढला. तारीख घालता येत नव्हती म्हणून लेक गुंजन शाळेतून आली की तिच्याकडून कागदावर तारीख लिहून घ्यायची. शेजारपाजारच्या बायका बोलल्याच, “नवरा तिकडं मरून राहिला अन् ही कागद धरून उभी हाय.” देवकाबाईनं ऐकून घेतलं. गुंजनला तेवढं म्हणाली, “नोंद तुटली नाही तं तुझ्या बाबालेबी काही होत नाही, पाह्यजो.” तिचा तो नवसच होता, दुसरं काय.

इश्वर बरा होऊन आला, अकरा कागद पाहिले, तारखा लागोपाठ दिसल्या आणि खूश होऊन गठ्ठ्यात लावून टाकले. “शाब्बास वो,” म्हणाला. देवकाबाई दोन दिवस गालातल्या गालात हसत होती.

वर्षं गेली. दुर्बिणीच्या भिंगावर बुरशी धरली. सूर्य कागदावर उतरायचा, पण मोतीबिंदू झाल्यासारखा. लहान डाग दिसेनात. नवीन भिंग घेणं परिचराच्या पगारात कुठं बसतं? तेवढ्यात त्याला कोणी सांगितलं की पुण्याची एक संस्था खगोलाच्या संशोधनासाठी छोटी छोटी अनुदानं देते. चाळीस हजारांपर्यंत. मग इश्वरनं अर्ज करायला घेतला आणि तो अर्ज चार वर्षं करत राहिला.

पहिला अर्ज परत आला. वैयक्तिक अर्ज चालत नाही, संस्थेचा शिक्का हवा. मुख्याध्यापक म्हणाले, “शिक्का माझा अन् उद्या चौकशी झाली तं गळाही माझाच!” वर्षभर मनधरणी केल्यावर शिक्का मिळाला. दुसऱ्या अर्जात ‘प्रमुख संशोधकाची पदवी’ या रकान्यात यानं लिहिलं, ‘बारावी’. तोही परत. तिसरा कुठं गेला ते देवालाच ठाऊक. चौथ्याला मात्र उत्तर आलं. नमुन्यादाखल दोन हजार एक सालच्या जानेवारी-फेब्रुवारीच्या मूळ नोंदींच्या प्रती पाठवाव्यात, कारण तेव्हा सूर्यावर डागांचा जोर होता, जगभरच्या नोंदींशी ताडून पाहता येईल.

इश्वर तर हवेतच. तुमसरला जाऊन कागदांच्या झेरॉक्स काढल्या, रजिस्टर पोस्टानं पाठवल्या. घरी येऊन देवकाबाईला म्हणाला, “तुझेही कागद गेले पुण्याले!” ती लाजली.

महिन्यानं पत्र आलं. ‘नोंदी अत्यंत काळजीपूर्वक घेतलेल्या आहेत. मात्र मधले अकरा दिवस जुळत नाहीत. त्या दिवसांत डाग उलट्या दिशेने सरकताना दाखवले आहेत, जे अशक्य आहे. खुलासा करावा.’

त्यानं गठ्ठा सोडला. जीपमध्ये चढला त्या दिवशीच्या त्याच्या स्वतःच्या कागदावर एक मोठा डाग डाव्या कडेला होता, मागे दोन पिल्लं. दुसऱ्या दिवशी तो जरासा उजवीकडे सरकायला हवा. देवकाबाईच्या पहिल्या कागदावर तो एकदम उजव्या कडेला! आणि मग रोज थोडा थोडा डावीकडे चाललेला. पिल्लंही भलत्याच बाजूला.

देवकाबाई ओट्यावर सूप घेऊन तांदूळ पाखडत होती. त्यानं कागद तिच्यापुढे टाकले.

“हे काय करून ठेवलं वो तू?”

“काय जी?”

“सूर्य उलटा चालते का? मनानं काढले तू हे. एक दिवस पाह्यलं अन् बाकीचं मनानं ठोकून देल्लं!”

“नाही जी. जसा दिसला तसा काढला.”

“खोटं नको बोलू! चार वर्षांची माझी मेहनत मातीत घातली तू.”

गुंजन घरात होती, शेजारीण आंगणात होती, सगळ्यांसमोर. देवकाबाईच्या हातातलं सूप थांबलं. “मी खोटं काहून काढीन जी,” ती म्हणाली, “तुमचा जीव होता ना त्याच्यात.” एवढंच. मग तिनं पुन्हा तांदूळ पाखडायला घेतले.

अरे, विचारावं तरी! कशी काढलीस, कुठं उभी होतीस, एवढं विचारायला काय जात होतं? पण रागानं डोक्यात घर केलं की साध्या प्रश्नाला जागा उरत नाही. त्यानं त्याच दिवशी शाळेच्या टेबलावर बसून खुलासा लिहिला: ‘सदर अकरा नोंदी माझ्या अशिक्षित पत्नीने मनाने काढल्या असून त्या खोट्या आहेत. त्या रद्द समजाव्यात.’

आणि नशीब पाहा. त्या खुलाशावरच अनुदान मंजूर झालं. पत्रात लिहिलं होतं, ‘आपला प्रामाणिकपणा उल्लेखनीय आहे.’

नवीन दुर्बीण आली. गावातले लोक पाहायला आले, मुख्याध्यापकांनी नारळ फोडला. देवकाबाई चहा करत होती, ती बाहेर आली नाही. त्यानंतर बल्लीपासून ती लांबून फिरून जायची, आपली सावलीही काचेवर पडू द्यायची नाही. इश्वरला ते दिसत होतं. आज बोलू, उद्या बोलू, असं त्याच्या मनात चालायचं. पुढच्या पावसाळ्यात तिला कावीळ झाली आणि नऊ दिवसांत ती गेली. बोलायचं राहिलं.

जानेवारी आला. एका सकाळी इश्वर काचेला कागद लावत होता. समोर, पूर्वेच्या अंगाला थोरल्या भावाचं घर. भाऊ पुंडलिकराव आता पुरते म्हातारे, ओसरीवर खाटेवर बसून होते. बसल्या बसल्या ते म्हणाले, “इश्वर, तू दवाखान्यात होता ना, तवा देवका इथंच उभी राहे रोज. मी आपला या ओसरीवर. अकरा दिवस मले फक्त तिचे पाय दिसले बाप्पा.”

“पाय काहून?”

“मी भासरा ना तिचा! माझ्याकडं पाठ करून कशी उभी राहीन ती? काचेच्या तिकडून राहे. कागद तिकडूनच लावे, तिकडूनच काढे. कापडाच्या आड सारी, खाली पाय तेवढे. लय मर्यादेची बाई होती.”

इश्वरच्या हातातली क्लिप खाली पडली.

तो घरात धावला. गठ्ठा काढला. देवकाबाईचा पहिला कागद घेतला आणि उलटा केला. बटर पेपर, आरपार दिसणारा. मोठा डाग डाव्या कडेला आला, मागे दोन पिल्लं, जिथं यायला हवा तिथं. दुसरा उलटा केला. थोडा उजवीकडे. तिसरा, चौथा. असे अकराही कागद त्यानं जमिनीवर ओळीनं मांडले. गुंजनच्या तारखा उलट्या दिसत होत्या आणि सूर्य सुलटा. ओळीच्या शेवटी त्यानं दवाखान्यातून आल्यावरचा स्वतःचा पहिला कागद ठेवला. त्यावर डाग उजव्या कडेला मावळत होता. मध्ये एका केसाचाही फरक नव्हता. तिनं एक दिवस चुकवला नव्हता, एक पिल्लू सोडलं नव्हतं.

तो त्या कागदांमध्ये बसला आणि लहान लेकरासारखा रडला. पुंडलिकराव काठी टेकत आले, “काय झालं, काय झालं,” म्हणत दारात उभे राहिले.

पुण्याला त्यानं लिहिलं: ‘माझा आधीचा खुलासा खोटा होता. अकराही नोंदी खऱ्या आहेत, कागद उलटे करून पाहावेत. निरीक्षक: देवकाबाई इश्वर बांते.’ तिकडून उत्तर आलं, दुरुस्तीची नोंद घेतली आहे, धन्यवाद. चांगली माणसं होती. पण ज्या माणसासमोर ही दुरुस्ती वाचायची होती ते माणूस घरात नव्हतं.

पत्र आलं त्या दिवशी सकाळी नऊला इश्वरनं नेहमीसारखा सूर्य काढला. मग कागद काढून काचेच्या पलीकडच्या बाजूला लावला आणि काळ्या कापडाच्या मागे जाऊन उभा राहिला. तिथून ओसरी दिसत नव्हती, आंगण दिसत नव्हतं. तोंडासमोर फक्त सूर्य होता, त्याच्यावरचा बारीकातला बारीक डागही स्पष्ट.

“दिसते वो,” तो म्हणाला. “बरोबर दिसते इथून.”

ओसरीवरून पुंडलिकराव पाहत होते. त्यांना इश्वरचे फक्त पाय दिसत होते, आणि ते बराच वेळ तिथून हलले नाहीत.