सोळा आकडे हरले, सतरावा राहिला

तीन हजार पाचशे नव्व्याण्णव ही संख्या एक आणि ती स्वतः सोडून कशानेच भागली जात नाही, असं मी एकदा गावातल्या तीसेक माणसांसमोर ठासून सांगितलं होतं. साफ चूक. त्याला चाळीसेक वर्षं झाली, पण नातवंडं अजून मोबाइलवर तो आकडा मुद्दाम मला भागून दाखवतात.

तेव्हा मी नुकतीच लग्न होऊन कुरखेड्याजवळच्या गावात आले होते. गणितात बी.एस्सी., त्यामुळे चालताना मान जरा मागेच. बी.एड.ला चंद्रपूरला जायचं मनात होतं. सासरे तयार होते, पण घरातला निकाल सासूबाईंचा. त्या म्हणायच्या, "तुले तं समदंच येते. आता कायले जाते?" समदंच येते, हे त्यांना मीच सांगत होते. रोज.

उन्हाळ्यात सासरे तेंदूपानांच्या फळीवर, म्हणजे पानं गोळा करून वाळवायच्या मैदानावर, राखणीला असायचे. पानांचे पुडके तिथे जमिनीवर ओळीनं वाळत घालत. त्या दिवशी मी सासूबाईंबरोबर तिथे गेले, तेव्हा साठ ओळी होत्या, प्रत्येकीत साठ. फक्त शेवटच्या ओळीत एक पुडका कमी. सासऱ्यांना तो रिकामा कोपरा खुपला. ओळी भरलेल्या असल्या की एखादा पुडका गेला तर लगेच दिसतो. कोपरा आधीच रिकामा असला, तर तिथून आणखी दोन गेले तरी कोणाला कळतं? मला म्हणाले, "बाई, दुसऱ्या कोन्या रीतीनं सारख्या ओळी होतीन का?"

मी कागद-पेन्सिल मागवली. साठाच्या आतल्या अविभाज्य संख्यांनी भागून पाहायचं, बस. दोननं जाईना, तीननं जाईना, सातनं जाईना. त्रेपन्नपर्यंत सोळा आकडे हरले. उरला एकटा एकोणसाठ. ऊन डोक्यावर आलेलं, बायका कौतुकानं पाहत होत्या. म्हटलं, सोळा जणांना जमलं नाही ते या एकट्याला काय जमणार? उठले आणि जाहीर केलं, "नाही होत. ही संख्याच तशी आहे." वर अविभाज्य संख्येवर छोटं भाषणही दिलं.

सासूबाई शाळेत कधी गेल्या नव्हत्या. भाषण संपेपर्यंत थांबल्या, एवढा मोठेपणा त्यांचा. मग त्या शेवटच्या लंगड्या ओळीतला एक पुडका उचलून पहिल्या ओळीच्या टोकाला ठेवला, दुसरा दुसरीच्या. बायकांनीही हात लावला. एकोणसाठ पुडके आणि उरलेल्या एकोणसाठ ओळी. प्रत्येक ओळ एकसष्टची झाली, कोपरा कुठेच रिकामा नाही.

मी कागदाची घडी घालत होते, फार बारीक. शेजारीण म्हणाली, "मास्तरीनबाई, ते भाषन पुना सांगा न. अर्ध समजलं नाई."

घरी येईपर्यंत सासूबाई माझ्यापुढे झपाझप चालत राहिल्या. गेलं आपलं बी.एड., मी मनात म्हटलं. दारात पाय धुता धुता त्या म्हणाल्या, "जाय तू शिकाले. मले वाटे तुले समदं येते. आता पाह्यलं, तुले लय गरज हाय."