हाताले विचारा

"आधी हाताले विचारा." आमचे सर्जन सर हे इतक्यांदा म्हणत की भंडाऱ्याच्या भाजीबाजारातही ते वाक्य पाठ झालं होतं. तिथे सर वांगी एकेक दाबून बघत, आणि भाजीवाली म्हणे, साहेब, पेशंट नाहीत ती. ऑपरेशनआधी ते रोग्याच्या पोटावर हात ठेवून डोळे मिटत. सोनोग्राफीचा कागद नंतर. मी त्यांच्या थिएटरची सिस्टर.

मग आमच्या मेडिकल कॉलेजने शस्त्रक्रिया शिकवणारं यंत्र आणलं. चष्मा चढवला की समोर उघडं पोट दिसे आणि हातातल्या दोन दांड्या खऱ्या मांसासारख्या अडत. चुकायचं ते यंत्रात चुका, माणसात नको. उद्घाटनाच्या पाहुण्यांनी नारळ फोडला, हार घातला आणि भक्तिभावाने चष्म्याच्या आतल्या काचेवरच कुंकू लावलं. पहिल्या शिकाऊ डॉक्टरीणबाईंनी चष्मा घालताच रक्तस्राव म्हणून कापूस मागितला. मी दिलाही.

सरांनी दांड्या धरून नाक मुरडलं. "हाताले काईच लागून नाही राहिलं. नुसतं खेळनं हाय."

सर म्हणाले म्हणजे झालं. त्यानंतर जो तो दांड्या धरी आणि मान हलवी, हो सर, काहीच लागत नाही. अधिष्ठात्यांनी तर हात न लावताच सांगितलं. कंपनीकडे तक्रार गेली आणि यंत्राला फुलाफुलांची खोळ चढली.

नागपूरहून कंपनीचा माणूस आला. दिवसभर खटपट करूनही त्याला बिघाड सापडेना, तेव्हा त्याने दांड्या माझ्या हातात दिल्या. मळलेल्या कणकेत बोट रुतावं तशी दांडी अडली. मी दचकले. सर शेजारीच चहा घेत होते. आम्ही रुमालात धरत असू तो वाफाळता स्टीलचा ग्लास त्यांनी उघड्या बोटांनी धरला होता.

"सिस्टर, तुमाले लागते? खरं सांगा."

"लागते, सर."

ते ग्लासाकडे बघत राहिले. त्यांची शुगर जुनी, पाय बधिर होतात हे आम्हाला ठाऊक होतं. ते बोटांपर्यंत पोचलं असेल असं कुणाच्या मनात आलं नव्हतं, त्यांच्याही. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी हर्नियाचं ऑपरेशन होतं. सरांनी हात धुतले आणि आपल्या जागी त्या कापूसवाल्या डॉक्टरीणबाईंना उभं केलं. चाकू त्यांनी पुन्हा धरला नाही. यंत्राची खोळ मात्र स्वतः काढली आणि शिकाऊ डॉक्टरांना बजावलं, मी म्हणतो म्हणून मान हलवू नका. सगळ्यांनी मान हलवली. यंत्र दुरुस्त झाल्याचं अधिष्ठात्यांनी संध्याकाळीच जाहीर केलं.

नोकरी सोडून सर गावी निघाले. गाडी चालवणंही बंद केलेलं, म्हणून सानगडीच्या एसटीने. मी सोडायला गेले होते. त्यांनी माझा हात हातात घेतला आणि असा दाबला की हाडं दुखली.

"लय जोरानं दाबलं का?"

"हो सर, थोडं."

त्यांनी पकड सैल केली, पण हात सोडला नाही.