तीन दिवसांची गैरहजेरी

कामगारांच्या कॅम्पात नवा माणूस आला की काका उजवा हात पुढे करायचा. तुम्हाला वाटेल, हात मिळवायला. छे! तळहात वर असायचा. "कार्ड दाखव." मग राहण्याच्या परवान्याचं ते कार्ड डोळ्यांजवळ धरून नावाआधी मुदत वाचायचा. "आठ महिने हायत अजून. बस." जणू ते आठ महिने त्यानेच खिशातून काढून दिलेत.

असली माणसं तुम्हीही पाहिली असतील. कागदाला हळदकुंकू वाहायचं तेवढं बाकी ठेवतात.

आखातातल्या एका बांधकाम कंपनीत तो हजेरीचा कारकून होता. गाव बोरी, जिंतूर तालुका. मी मानवतचा. मोंढ्याच्या बाजारात पोती उचलली, एसीची दुरुस्ती शिकलो आणि कुणाच्या चिठ्ठीशिवाय तिकडे पोचलो. कॅम्पात परभणी जिल्ह्याचे आम्ही दोघंच. तो मला मानवतकर म्हणायचा, मी त्याला काका.

एकदा एका केरळी मुकादमाला मुलगा झाला. त्याने पेढे वाटले. काकाने पेढा तोंडात टाकला, त्याची पाठ थोपटली आणि विचारलं, "पासपोर्ट कवापर्यंत हाय तुझा?" त्या बिचाऱ्याला मराठी कळत नव्हतं. तरी त्याने पासपोर्ट काढून दिला. इतकी सवय झाली होती लोकांना.

शुक्रवारी तो ज्वारीच्या भाकरी थापायचा. पीठ गावाहून आणलेलं. पहिली भाकरी माझ्या ताटात. हे लपवत नाही, कारण त्या भाकरीमुळेच पुढचं जास्त झोंबलं.

तिसऱ्या वर्षी मला दुसऱ्या कंपनीचा सांगावा आला. पगार जवळपास दीडपट. काकाने मला समोर बसवून समजावलं. नव्या मालकाने सरकारी कंप्युटरवर मागणी टाकायची, मी होकार द्यायचा, मग नाव इकडून तिकडे जाणार.

"तवर इथली एक बी हजेरी चुकवायची न्हाई. आधी नाव हलू दे, मग पाय हलव."

मला वाटलं, हा काय शिकवणार? मी मोंढ्यात वाढलो. कापसाचा भाव पटला नाही की शेतकरी गाडी वळवतो. बैल दहा पावलं जात नाहीत तोच व्यापारी मागून हाक मारतो. निम्मा सौदा पाठ फिरवल्यावरच होतो. मी जुन्या मालकाच्या माणसाला सांगितलं, इतका पगार द्या, नाहीतर चाललो. आणि खोलीत जाऊन झोपलो. हाक येईल याची वाट बघत.

पहिल्या दिवशी उजाडायला काका दारात. "मानवतकर, ऊठ. नुसता गेटवर ये, अंगठा लाव आन् परत येऊन लोळ."

"काका, मी सौदा करायलोय. तुमी मधी पडू नका."

"आरं, हा काय कापूस हाय का? कापूस इकला न्हाई तर घरी नेता येतो. तुझं काय करायचं?"

मी भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, दार वाजवून गेला. तिसऱ्या दिवशी हजेरीची वहीच घेऊन आला. कंप्युटर असताना हा माणूस वहीही ठेवायचा.

"लिहू का?" त्याने विचारलं.

"लिहा. बघतो कसं लिहिता ते."

त्याने लिहिलं. माझ्यासमोर, माझ्याच पलंगाच्या कडेला टेकून, तिन्ही दिवस गैरहजर. अक्षर नेहमीसारखंच वळणदार. एखादं अक्षर वाकडं आलं असतं तर मी कदाचित माफ केलं असतं.

हाक आली नाही. कंपनीने माझ्या नावापुढे शेरा मारला, काम सोडून पळाला. तो शेरा बघताच नव्या मालकाने मागणी काढून घेतली. परवाना गेला, बोटांचे ठसे घेतले आणि वरून काही वर्षांची बंदी आली. निघताना काका माझी बॅग नीट बांधून गाडीपाशी उभा होता. मी बॅग ओढून घेतली आणि त्याच्या पायाशी थुंकलो.

त्याच्या जागी मी असतो तर लिहिलं असतं का? लिहिलं असतं. नसतं लिहिलं तर माझ्याबरोबर त्याचीही नोकरी गेली असती, परवानाही. सगळं कळतं मला. पण आपल्या ताटात पहिली भाकरी वाढणाऱ्याने आपल्या नावापुढे फुली मारावी, हे मला आजही पचलेलं नाही. मधल्या काळात मानवतला दुकान टाकलं, हाताखाली चार माणसं ठेवली, तरीही नाही.

परवा कळलं, ती कंपनी मागेच बुडाली. म्हणजे काका बोरीत परतला असणार. मोटरसायकल काढली. वाटेत एकेक वाक्य घोटत गेलो.

दारात त्याची बायको होती. मी फक्त मानवत म्हणालो. तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि सतरंजी टाकली.

"फोनवर सांगून ठेवलंय त्यांनी. मानवतचा माणूस कवातरी यील, शिव्या दील. मधी बोलू नको म्हणले. द्या तुमी." आणि समोर बसून राहिली.

मी दिल्या. एकही राखून ठेवली नाही. तीन दिवस, वही, ते वळणदार अक्षर, सगळं काढलं. तिने मान वर केली नाही. मला दम लागला तेव्हा ती म्हणाली, "झालं का? चहा टाकते."

"कुठं हायत ते?"

"तिकडंच." मग तिने सांगितलं, कंपनी बुडाली तेव्हा त्याने एकेका माणसाला नवा मालक गाठून दिला. सगळ्यांची नावं हलवली, स्वतःचं शेवटी ठेवलं. तोवर त्याचा परवाना संपला. पन्नाशी उलटलेल्या हजेरी कारकुनाला कोण घेणार? आता कुणाच्या तरी गोदामात लपून मालाची मोजणी करतो. बाहेर पडला तर धरतील, आणि दंड भरल्याशिवाय गावी येता येत नाही.

आधी मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू? मग चहा आला आणि मी कप तसाच सतरंजीवर ठेवून दिला.

"फोन लावून देऊ का?" ती म्हणाली. "राहिलेलं त्यांनाच बोला."

"द्या."

बेल वाजत राहिली. कुणी उचलला नाही.

"दिवसा न्हाई उचलत," ती म्हणाली. "बोलल्याचा आवाज भाईर जातो म्हणून."

तरी मी परत लावला.